पाक येईपर्यंत

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सावेडीच्या भाजीबाजारात कैऱ्यांचे ढीग लागतात. ढिगामागची बाई मान वर न करताच विचारते, "तिखटाची देऊ का गोडाची?" तिखटाच्या लोणच्याच्या फोडी करायच्या असतात, त्याला बाठ धरलेली कैरी लागते. गोडाची कैरी किसायची असते. ती कोवळी नको आणि पाडाला आलेलीही नको. कडक, हिरवीगार, चिरली की आतून पांढरीफटक, आणि जिभेला लावली की कानामागे झिणझिण्या आणणारी. "गोडाची," मी म्हणते.

यंदाही आणल्या. घरी येऊन पाण्यात टाकल्या. देठाचा चीक पाण्यावर तवंगासारखा पसरला. दोन तासांनी कोरड्या पुसल्या, साली काढल्या आणि किसायला बसले. पहिल्या कैरीचा आंबट वास उठला की दात आपोआप शिवशिवतात. आणि त्या वासाबरोबर एक उन्हाळा घरात येतो. मी त्याला बोलावत नाही, हाकलतही नाही. तो येतो, किसून होईपर्यंत समोर बसतो आणि उठून जातो. दरवर्षी येत असल्यामुळे आता त्याच्याकडे शांतपणे बघता येतं. पूर्वी येत नव्हतं.

सात वर्षं झाली त्याला. मी तेव्हा याच घरात नुकती राहायला आले होते. दोन खोल्या, वर गच्ची, खाली घरमालकीणबाई. फेब्रुवारीत मी आणि संदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नगरच्या कोर्टात एकमेकांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज दिला होता. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं. तेवढ्यात विचार बदलला तर बदलावा, म्हणून कायद्याने दिलेली ती मुदत. सहा महिन्यांनी पुन्हा जायचं, पुन्हा हो म्हणायचं, की संपलं. मूल नव्हतं, त्यामुळे कागद सोपे झाले, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. त्या चांगल्या मनानेच म्हणाल्या होत्या.

संदीप सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होता. त्याच्याच कंपनीतल्या एका मुलीशी त्याचं जुळलं. मला ते अर्जाच्या दीड वर्ष आधी कळलं. त्याला स्वतःला कळायच्या आधी कळलं, असंही म्हणता येईल. मग भांडणं झाली. मग भांडणं थांबली, आणि ती थांबली तेव्हा मला समजलं की आता भांडण्यासारखंही काही उरलेलं नाही. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिथे नळीवर नाव असतं, पण नावाकडे बघत बसलं तर काम होत नाही. जो आकडा येईल तो लिहायचा, पुढची नळी घ्यायची. त्या दिवसांत मी घरही तसंच चालवत होते. सकाळी डबा, नऊ ते पाच लॅब, संध्याकाळी एका माणसाचा स्वयंपाक. एका माणसाला किती भात लागतो याचा अंदाज यायला मला दोन महिने लागले.

मेमधल्या एका रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. दारात आत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. लग्न झाल्यापासून मीही संदीपच्या आईला तेच म्हणत आले होते. साठी उलटलेली बाई, नऊवारी लुगडं, कपाळावर घाम. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, तेव्हापासून शेत आणि घर दोन्ही त्याच बघत होत्या. पायाशी अर्धं पोतं कैऱ्या, खांद्यावर कापडी पिशवी, काखेत फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. पारनेरच्या पुढच्या गावातून हे सगळं घेऊन त्या एस्टीने आल्या होत्या आणि माळीवाडा स्टँडवरून रिक्षाने. घर त्यांनी कुणाला विचारत शोधलं, ते मी विचारलं नाही.

"कल्पना, लोनचं घालायचंय," त्या म्हणाल्या.

"इथं?"

"मंग कुठं? दरसाल दोघीच घालतो का न्हाई?"

हे खरं होतं. सात वर्षं आम्ही दोघींनी मिळून गोड लोणचं घातलं होतं. बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्या, एकीने किसायचं, दुसरीने गूळ चिरायचा. पण ते त्यांच्या घरी. मी बाजूला झाले, त्या आत आल्या, पाणी प्यायल्या, खोली डोळ्यांनी एकदा मोजली आणि विचारलं, "किसनी हाय का?"

मला वाटलं, हिला पाठवलेली आहे. संदीपने नाही तर भावकीतल्या कुणीतरी. किसून होईपर्यंत थांबेल, मग हात पुसत हळूच विषय काढेल, की बाई, झालं गेलं विसर. मी मनात उत्तरं तयार करून ठेवली. सगळी सभ्य होती. पण कैऱ्या किसून झाल्या, मीठ-हळद लावून झाली, घट्ट पिळून झालं, त्यात चिरलेला गूळ मिसळून झाला, तरी विषय निघाला नाही. मी स्टीलचं मोठं पातेलं गॅसवर ठेवायला उचललं तर त्यांनी हात धरला.

"गॅसवर न्हाई. उन्हात."

"उन्हात? आपण तर दरवर्षी शिजवतो."

"माझी आई उन्हात करायची. उन्हातल्याची चव येगळी. आठ दिस लागत्याल."

आठ दिवस. मी त्यांच्या पिशवीकडे बघितलं. वरच्या बाजूला तीन लुगडी नीट घडी करून ठेवलेली दिसत होती.

सोमवारी सकाळी पातेलं गच्चीवर गेलं. त्याच्या तोंडाला मलमलचं फडकं, वर सुतळी. खाली परात, परातीत पाणी, म्हणजे मुंग्यांना वाट नाही. सूर्य टाकीच्या मागून बाहेर आला की पातेलं इकडे, दुपारी कठड्याची सावली आली की तिकडे, सूर्य कलला की घरात. ऊन असेल तिथे पातेलं आणि पातेलं असेल तिथे डोक्यावर पदर घेतलेल्या आत्या. पहिल्या दुपारी लष्कराच्या रेंजवरून तोफांचे आवाज आले तेव्हा त्या दचकल्या. आम्हा नगरमध्ये राहणाऱ्यांना त्या आवाजाचं काही वाटत नाही, पण त्यांनी घाईघाईने आभाळ बघितलं.

"ढग गडगडतोय का?"

"लष्कराच्या तोफा आहेत."

"मंग वाजू दे."

घरमालकीणबाईंनी गच्चीवरच कुरडया घातल्या होत्या. संध्याकाळी मी जिना चढत असताना त्यांनी मला थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "सासूबाई आल्यात ना? म्हणजे मिटलं म्हणायचं."

"लोणचं घालायला आल्यात," मी म्हटलं.

"इतक्या लांबून?"

वरून आत्यांचा आवाज आला, "ऊन लई चांगलं हाय तुमच्या गच्चीवर."

त्या आठवड्यात मी लॅबमधून घरी यायचे आणि चपला काढायच्या आत मला पातेल्याची खबर मिळायची. मंगळवारी, "गूळ इरघळला समदा." बुधवारी, "रंग फिरला, बघ." फडकं सोडून त्या लाकडी उलथनं आत घालायच्या आणि मी वाकून बघायची. पहिल्या दिवशीचा फिकट पिवळा कीस आता मधासारखा दिसत होता. वरचं पाणी पातळ होतं तरी त्यात दाटपणाची चाहूल होती. ऊन आत शिरल्यासारखा कोमट वास यायचा, गुळाचा आणि कैरीचा वेगवेगळा ओळखू येईल असा. दोन दिवसांनी तो एक झाला. असं काही रोज थोडं थोडं होताना मी आयुष्यात फारसं बघितलं नव्हतं. माझ्याकडे येतं ते सगळं नळीत भरून, झालेलंच असतं.

एक गोष्ट मात्र खटकली. आत्यांकडे बटणांचा छोटा मोबाईल होता. तो तांदळाच्या डब्यात ठेवलेला होता. मधूनच डबा वाजायचा. मी डब्याकडे बघायची, मग त्यांच्याकडे.

"कंपनीचा आसतो," त्या म्हणायच्या. "गाणं घ्या, गाणं घ्या म्हनत्यात."

कुणाच्या डब्यात काय वाजतंय हे विचारायचं नाही, असं मी तेव्हा ठरवलेलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही गच्चीवरच बसलो होतो. टाइल्स अजून तापलेल्या, पण वारा सुटला होता. पातेलं मध्ये, आम्ही दोन बाजूंना. आत्या उलथन्याला लागलेला रस बोटाने पुसत होत्या. एकाएकी त्यांनी विचारलं, "कोर्टाचं झालं की मी तुझी कोन?"

मला वाटलं, आला विषय. पण त्यांच्या आवाजात आर्जव नव्हतं. एखादा पत्ता विचारावा तसं विचारलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "कायद्याने कुणी नाही."

"कायद्यानं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि बोट चाटलं. "आजून आंबट हाय."

या प्रश्नाचं उत्तर मला तीन वर्षांनी मिळालं, ते इथेच सांगून टाकते. ऑगस्टमध्ये आमचा घटस्फोट झाला. दिवाळीनंतर संदीपने त्या मुलीशी लग्न केलं. त्यांना एक मुलगी आहे. आत्या मधूनमधून फोन करायच्या, मीही करायची. सण, पाऊस, गुडघे, एवढंच बोलणं. मग त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन नगरला करायचं ठरलं. संदीपला कंपनीतली पाळी बदलून मिळेना, त्याच्या बायकोच्या अंगावर पिणारी मुलगी. दवाखाना माझ्या लॅबपासून दहा मिनिटांवर. त्यामुळे सोबत मी गेले. काउंटरवरच्या सिस्टरने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

कागदावर नात्याचा रकाना होता. रोज असे शंभर रकाने माझ्या हाताखालून जातात. सिस्टर पेन धरून थांबली.

शेजारच्या बाकावर आत्या डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टाकून बसल्या होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "भाची हाय माझी. मी तिची आत्या."

सिस्टरने रकान्यात 'भाची' लिहिलं. मी खाली सही केली. खोटं म्हणावं असं मला त्यात काही दिसलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या उन्हाळ्यातल्या त्या गुरुवारी मला उत्तर माहीत नव्हतं, आणि पाकही आला नव्हता.

शुक्रवारी ऊन पांढरं झालं. ढग दिसत नव्हते, पण उकाडा असा की पातेल्याच्या काठावर हात टेकवत नव्हता. आत्यांनी दोन बोटांत रस धरून ताणून बघितला. तार धरता धरता तुटली. "उद्याचं ऊन लागलं की झालं," त्या म्हणाल्या. त्यात आनंद होता असं मला वाटलं नाही. उलट, परीक्षेचा पेपर लवकर सुटल्यावर मूल जसं वर्गात रेंगाळतं, तसं काहीतरी होतं.

शनिवारी मला अर्धी सुट्टी असते. दोन वाजता घरी आले आणि अडीच वाजता पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. वळवाचा. दोरीवरचे कपडे आडवे झाले, घरमालकीणबाई कुरडयांची चादर गोळा करायला ओरडत धावल्या. मी आणि आत्या वर पळालो. वाऱ्यात आणि घाईत पातेलं रोजच्यापेक्षा जड वाटत होतं. मी एक कान धरला, आत्यांनी दुसरा. पण पळत जिना चढून त्यांना धाप लागली होती, त्यांच्याने उचलवेना. आणि तेवढ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवर संदीप उभा होता.

त्याने हेल्मेट खाली ठेवलं, आईला बाजूला केलं आणि दुसरा कान धरला. आम्ही दोघांनी ते पातेलं एकेक पायरी उतरवत खाली आणलं. तो उलटा उतरत होता, मी समोर. "जपून," तो म्हणाला. "हो," मी म्हटलं. तीन महिन्यांत आम्ही एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. रस काठापर्यंत हिंदकळला, पण सांडला नाही.

पातेलं ओट्याखाली ठेवलं. खिडक्या लावल्या. बाहेर धूळ काचांवर आपटत होती. संदीप खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. वाळला होता.

"आई, चल," तो म्हणाला.

"लोनचं व्हायचंय."

"लोणच्याचं काय घेऊन बसलीस? मावशीकडं जाते म्हणून सांगून निघालीस. फोन उचलत नाहीस. काल मावशीला फोन केला तेव्हा कळलं तू तिकडं गेलीच नाहीस. कुठं कुठं शोधायचं माणसानं?"

"सापडले न्हव का."

"परवा माणसं यायचीत. गेल्या सोमवारी येऊन माघारी गेली. घराला कुलूप बघून…" त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तो थांबला.

"कोणती माणसं?" मी विचारलं.

आत्या म्हणाल्या, "सांग की आता. तिच्या घरची मानसं. बोलनी करायला."

मग मला सगळं एका ओळीत दिसलं. त्या मुलीच्या घरचे लोक सोमवारी लग्नाची बोलणी करायला येणार होते. संदीपचे वडील नाहीत, घरात वडीलधारं माणूस एकच. ते माणूस घरात नसेल तर बोलणी होत नाहीत. रविवारी सकाळी आत्यांनी बांधावरच्या कैऱ्या पोत्यात भरल्या होत्या आणि नगरची गाडी धरली होती.

"कोर्टाचं व्हायच्या आधीच बोलणी?" मी विचारलं. मला राग आलेला नव्हता. फक्त तारखा जुळवत होते.

"नुसतं बोलायचं होतं," संदीप म्हणाला. "त्यांच्याकडं बी लोक बोलतात. तिलाही किती दिवस…" मग त्याने आईकडे बघितलं. "मी काय चोरून करतोय का? कल्पनाची सही आहे, माझी सही आहे. दोघांच्या मर्जीनं चाललंय."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "तुमा दोघांच्या सह्या झाल्या. माझी कुनी इचारली?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण संदीप खुर्चीवर बसला. बाहेर मोठे मोठे थेंब पत्र्यावर पडायला लागले. मी लॅबमधल्या माझ्या सवयीप्रमाणे तिघांकडे लांबून बघायचा प्रयत्न केला. जमला नाही. आठवडाभर मी या बाईला सभ्य उत्तरं द्यायला तयार होऊन बसले होते आणि तिने मला काहीच विचारलं नव्हतं. आमच्या त्या सगळ्या कागदांवर, मी स्वतः नीट वाचून सही केलेल्या कागदांवर, तिचं नाव कुठेच नव्हतं. ते मला खटकलंसुद्धा नव्हतं.

"कल्पना, गॅस लाव," आत्या म्हणाल्या. "आज काय ऊन पडत न्हाई."

मी पातेलं गॅसवर ठेवलं. मंद आच. रसाला बारीक बुडबुडे आले, मग मोठे, फुटताना फटफट वाजणारे. आत्यांनी भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली, तिखट घातलं, दोन लवंगा. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. त्यांनी थेंब ताटलीत टाकला, बोटांत धरून ताणला. एक तार. तुटली नाही.

"झालं," त्या म्हणाल्या.

मी गॅस बंद केला आणि मला एकदम उमगलं. "आत्या, हे पहिल्याच दिवशी गॅसवर झालं असतं."

"झालं असतं की," त्या म्हणाल्या. "मंग मला सांजच्या गाडीनं माघारी जावं लागलं असतं."

संदीपने मान खाली घातली. मला वाटतं, तो रडला असता तर बरं झालं असतं, पण आम्हा तिघांतलं कुणीच त्या दिवशी रडलं नाही. थोड्या वेळाने तो उठला. "मग काय करू?" त्याने विचारलं. पस्तिशीचा माणूस, आवाज मात्र शाळेतून आलेल्या पोरासारखा.

"तू जा. मी उद्या येते. एस्टीनं. तुझ्या गाडीवर न्हाई."

"आणि परवा?"

"परवा मी घरी आसंन. च्या करंन मानसांस्नी."

तो गेला. पाऊस थांबला होता. जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज खाली जाईपर्यंत आत्या दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी बरण्या मागितल्या.

लोणचं निवेपर्यंत दिवस मावळला नव्हता. पावसाने धुतलेलं पिवळं ऊन खिडकीतून ओट्यावर आलं होतं आणि त्यात तो कीस तांबूस, पारदर्शक दिसत होता. प्रत्येक शीर वेगळी, तरी सगळ्या एकमेकींना धरून. आत्या पळीने भरत होत्या, मी बरणी धरली होती. मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं.

"आत्या, माझ्यासाठी हे केलं असेल तर करू नका. मला परत यायचं नाही."

"ठावं हाय मला," त्यांनी पळी काठावर टेकवली. "तुझ्यासाठी कशाला? तू सुटलीस ते बरंच झालं. म्या माझ्यासाठी आले. तुमाला कोर्टानं सा म्हैने दिले, इचार करा म्हनून. मला एक दिस बी कुनी दिला न्हाई. आज ही सून, उद्या ती सून, आन् मी आपली च्या ठेवायची. मला हो म्हनायला येळ पायजे हुता. त्यो म्या घेतला."

"झाला का विचार?"

"झाला. पोरगी कशी का आसंना, घरात आली की मानूसच हाय. पर घाईनं न्हाई जमत मला."

त्यांनी पुन्हा पळी बुडवली. तीन बरण्या भरल्या. मी झाकणं लावली. त्यापुढे त्या विषयावर आम्ही बोललो नाही. पिठलं-भात केला, जेवलो. त्या आठवड्यात पहिल्यांदाच भाताचा अंदाज नेमका आला, म्हणजे दोघींना पुरून काही उरलं नाही.

मी नंतर पुष्कळदा विचार केला आहे की त्या आठ दिवसांत नक्की काय झालं. घटस्फोट टळला नाही. ते लग्न टळलं नाही. आत्या हट्टाने बसल्या असत्या तर आणखी महिनाभर बोलणी लांबली असती, पण त्या बसल्या नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला त्यात फक्त तीन बरण्या लोणचं दिसेल. आणि तरी, ऑगस्टमध्ये मी कोर्टात दुसऱ्यांदा हो म्हटलं, तेव्हा पहिल्यासारखं नुसतं आकडा लिहिल्यासारखं म्हटलं नाही. ज्या गोष्टीला हो म्हणायचं ती आधी नीट उन्हात ठेवून बघावी लागते, एवढं मला कळलेलं होतं. कोर्टाच्या बाकावर मी एकटीच बसले होते. थोडं रडूनही घेतलं. त्याची गरज होती, असं आता वाटतं.

त्या रविवारी सकाळी मी आत्यांना माळीवाडा स्टँडवर सोडायला गेले. पारनेरची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली. मी एक बरणी कापडात गुंडाळून बरोबर आणली होती, ती खिडकीतून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उचलली आणि परत माझ्या हातात दिली.

"ऱ्हाऊ दे तुला. तिथं मी नवं घालीन. झाडाला कैऱ्या हायेत आजून," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "सविताला शिकवावं लागंल."

ते नाव मला माहीत होतं. दीड वर्ष मी ते फोनच्या पडद्यावर वाचलं होतं, भांडणांत, स्वतःच्या डोक्यात ऐकलं होतं. पण आत्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं, आणि साधं आलं, शेजारच्या घरातल्या मुलीचं यावं तसं. त्या घरातल्या ओट्यापाशी, खिडकीच्या डाव्या बाजूला, सात वर्षं मी कैऱ्या किसत बसायची. तिथे आता दुसरी कुणी बसेल, तिच्यापुढे आत्या ताट सरकवतील, कीस घट्ट पीळ म्हणून सांगतील. हे सगळं मला कागदावर मान्य होतं. प्रत्यक्षात मान्य करायला त्या क्षणी गाडीच्या पत्र्याला हात धरून उभं राहावं लागलं.

कंडक्टर दार ओढत होता. मी खिडकीजवळ गेले.

"आत्या," मी म्हटलं, "कीस पिळल्यावर पाणी निघतं ना, ते फेकून देऊ नको म्हणावं तिला. त्याची आमटी करायची. संदीपला आवडते."

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ड्रायव्हरने गाडी मागे घेतली, खिडकी माझ्यापासून लांब गेली.

"सांगते," त्या म्हणाल्या.